हरफूलचा होकार

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा जनार्दन खंडारे गच्चीवरच्या टाकीत उतरून टाकी घासत होते आणि प्रभावतीबाई त्यांना वरून बादल्या देत होत्या. फोनवर हवालदार होता. चोरीच्या प्रकरणात एक मुका माणूस पकडलाय, त्याचं बोलणं कुणालाच कळत नाही, आणि मुरलीपुऱ्यातल्या एका बाईंना खुणांची भाषा येते असं समजलं, तर मॅडमजी येऊन जाल का, असं त्याने अदबीने विचारलं. प्रभावतीबाईंनी हात पुसले, साडी बदलली आणि जनार्दनरावांना टाकीतून बाहेर काढून स्कूटर काढायला लावली.

खंडारे मूळचे अकोल्याकडचे. जनार्दनराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांची एकुलती एक मुलगी सोनम जन्मापासून कर्णबधिर. तिच्यासाठी प्रभावतीबाई शाळेच्या पालकवर्गात बसून खुणांची भाषा शिकल्या, आणि त्यांना ती चांगली जमली. मग बँकेत, दवाखान्यात, आधार केंद्रावर, ज्याच्या घरी बहिरं माणूस असेल तो त्यांनाच बोलावू लागला. सोनम आता कर्णबधिर मुलांच्या एका संस्थेत संगणक शिकवत होती. तरी बाहेर कुठे गेलं की लोक आईकडे बघून बोलत, आई सोनमला सांगे, सोनम आईला सांगे आणि आई लोकांना. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

ठाण्यात चहा आला, खुर्ची आली. बाकावर तिशीचा एक माणूस बसला होता, अंगात कुणाचा तरी मोठ्या मापाचा निळा शर्ट. विजेच्या मोटारींची वाइंडिंग करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो हमाल होता. तिथून तांब्याच्या तारेची बंडलं गेली होती. त्यातली काही एका भंगारवाल्याकडे सापडली, आणि माल ह्यानेच उतरवला असं भंगारवाला सांगत होता. वर्कशॉपचे लोक त्याला कालू म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रभावतीबाईंनी त्याचं नाव विचारलं. तो त्यांच्या बोटांकडे बघत राहिला. गाव विचारलं. तो बोटांकडेच बघत राहिला, मग त्याने हो म्हटल्यासारखी मान हलवली. शाळेत शिकवतात तसली एकही खूण त्याला येत नव्हती. मग तोच घाईघाईने काही सांगू लागला. कमरेशी मूठ नेऊन ती खुळखुळवल्यासारखी केली, खांद्यावर काही घेतल्यासारखं केलं, स्टीअरिंग फिरवल्यासारखं केलं, पुन्हा कमरेशी मूठ. प्रभावतीबाईंना त्यातलं काही लागेना. ठाणेदार घड्याळाकडे बघायला लागले, तेव्हा त्यांनी अगदी सोपं करून विचारलं. तार. तू. नेली?

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ठाणेदारांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली.

"हो म्हणतोय," प्रभावतीबाई म्हणाल्या.

ठाणेदारांना हायसं वाटलं. दुभाषी म्हणून त्यांचं नाव लिहिलं गेलं, त्यांनी सही केली. जनार्दनराव बाहेर स्कूटरवर वाट बघत होते, त्यांना त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. सरकारी कामात आपली गरज पडली ह्याचा त्यांना अभिमान वाटत होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

संध्याकाळी सोनम संस्थेतून आली तेव्हा तिलाही त्यांनी तेच सांगितलं. सोनमने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि आईला पहिल्यापासून दाखवायला सांगितलं. तू काय केलंस, त्याने काय केलं, सगळं जसंच्या तसं. प्रभावतीबाईंनी दाखवलं.

नाव विचारल्यावर त्याने काय केलं, सोनमने हातांनी विचारलं. काहीच नाही, बघत राहिला. गाव विचारल्यावर? मान हलवली. आणि चोरीचं विचारल्यावर?

प्रभावतीबाईंनी पुन्हा तशीच मान हलवून दाखवली.

"आई, आम्ही असंच करतो," सोनमचे हात सावकाश सांगत होते. "कळलं नाही की मान हलवतो. समोरचा खूश होतो आणि प्रश्न संपतो."

"तू पण?"

"नागपूरच्या मावशीशी. डॉक्टरांशी. कधी कधी तुझ्याशी."

तिने ते रागाने सांगितलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. प्रभावतीबाई स्वयंपाकघरात गेल्या. जनार्दनरावांनी काय झालं विचारलं तर त्यांनी फक्त, मला उद्या ठाण्यात जायचं आहे, एवढं सांगितलं.

ठाण्यात दुसऱ्या दिवशी चहा आला नाही. माणूस तुरुंगात गेला होता आणि प्रकरण कोर्टाकडे चाललं होतं. बोललेलं आता परत घेता येत नाही, आणि घेऊन करायचंय काय, असं हवालदाराने समजावलं. मग त्या कोर्टात गेल्या. चार लोकांना विचारत विचारत त्या माणसाला सरकारतर्फे मिळालेल्या वकिलापर्यंत पोहोचल्या. ती होती ऋचा पटवर्धन. तिचे वडील विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचे, घर शहरातल्या सोडाला भागात. जयपूरमध्येच वाढल्यामुळे ती मराठी अडखळत बोलायची, पण प्रभावतीबाईंचं आडनाव ऐकल्यावर तिने हिंदी सोडलीच.

"काकू, मी तुम्हाला खरं सांगते," जिन्याखालच्या बाकावर बसून ती म्हणाली. "पोलिसांसमोर कबूल केलेलं कोर्टात धरत नाहीत. पण मॅजिस्ट्रेट त्याला विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तिथे पण तुम्हालाच बोलावणार. आणि तो मान हलवणार. मतलब, संपलं."

पुढचं तिने आणखी स्पष्ट सांगितलं. गुन्हा लहान आहे. कबूल केला तर जितके दिवस आत काढले तेवढीच शिक्षा मिळून तो लवकर सुटेल. नाही म्हटलं तर खटला चालेल, जामीन द्यायला ह्याच्याकडे माणूस नाही, पत्ता नाही, म्हणजे बिनचोरीचा जास्त दिवस आत बसेल. खूप वकील अशा वेळी कबूल करा म्हणतात, आणि त्यांचं सगळंच चुकतं असं नाही.

हे प्रभावतीबाईंनी घरी सोनमला सांगितलं. दोन्ही बाजू त्यांना पटत होत्या. सोनमने एकच विचारलं. हे त्याला कुणी विचारलं का?

पुढच्या खेपेला त्या सोनमला घेऊनच ऋचाकडे गेल्या. ऋचाने त्या दोघींना कायदा सांगितला, तो असा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे आणि भारताने तो २००७ सालीच मान्य केलाय. त्यात लिहिलंय की न्याय मागायला किंवा न्यायाला सामोरं जायला अपंग माणसाला इतरांइतकीच वाट मोकळी पाहिजे, आणि त्यासाठी लागेल ती सोय सरकारने करायची. आरोपीला कोर्टाची भाषा समजत नसेल तर दुभाषी फुकट द्यायचा, हे त्याहून जुन्या एका करारात आहे. तोही आपण मान्य केलाय. ह्यातला बराच भाग २०१६ च्या आपल्या कायद्यातही उतरला.

मग हे होत का नाही, सोनमने विचारलं.

कारण कुणी मागत नाही, ऋचा म्हणाली. आणि जगभरात थोड्याफार फरकाने हीच गत आहे. ऑस्ट्रेलियात बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका माणसाला खटल्याला सामोरं जायला अपात्र ठरवलं आणि गुन्हा सिद्ध न होताच दहा वर्षांहून जास्त तुरुंगात ठेवलं. त्याची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे गेली, समितीने ऑस्ट्रेलियाला दोषी धरलं. आपल्याला मात्र त्या समितीकडे तक्रार नेता येत नाही. करार मानला, पण तक्रारीचा भाग भारताने मानलेला नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते इथेच, ह्याच इमारतीत व्हायला हवं.

सोनमने आईच्या हातांवरून हे सगळं वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर तिने मान हलवली नाही. ते पुन्हा सांग, म्हणाली. प्रभावतीबाईंनी पुन्हा सांगितलं.

तारखेच्या दिवशी कोर्टाची खोली भरलेली होती. मॅजिस्ट्रेट चाळिशीच्या एक बाई होत्या, भराभर काम उरकणाऱ्या. दोन पोलिसांनी त्या माणसाला आणून उभं केलं. आरोप वाचून झाल्यावर मॅजिस्ट्रेटनी प्रभावतीबाईंना पुढे बोलावलं आणि गुन्हा कबूल आहे का ते विचारायला सांगितलं.

प्रभावतीबाईंनी विचारलं. त्या माणसाने त्यांना ओळखलं. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, वर मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं आणि मान हलवली.

"काय म्हणतो? हो म्हणतो ना?"

"मान हलवतोय," प्रभावतीबाई म्हणाल्या. "हो म्हणतोय का, ते मला कळत नाही."

मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून पाहिलं. ठाण्यात तर तुम्हाला कळलं होतं, त्या म्हणाल्या.

"नव्हतं कळलं. तो होकार मीच दिला होता, साहेब. त्याचा नव्हता तो."

सरकारी वकील उठले. आरोपीला कामकाज समजत नसलं तरी खटला चालवायची वाट कायद्यात आहे, दोषी ठरला तर कागद हायकोर्टाकडे पाठवायचे, तेव्हा इथे अडून बसायचं कारण नाही, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. ऋचाने उत्तरात दोन्ही करार पुढे केले, २०१६ चा कायदा पुढे केला. परदेशात कर्णबधिर माणसालाच दुभाषी नेमतात, असं ती म्हणाली. ज्याला कुठलीच शिकवलेली भाषा येत नाही त्याच्या घरगुती खुणा जन्माचा बहिरा माणूस ऐकणाऱ्यांपेक्षा पुष्कळ बरा ओळखतो. त्याला समजलेलं तो शाळेच्या खुणांत सांगतो, आणि ऐकणारा दुभाषी ते बोलून दाखवतो.

संयुक्त राष्ट्रांत ठरलेलं माझ्या कोर्टात कुठल्या दाराने येतं, मॅजिस्ट्रेटनी विचारलं. चिडून नव्हे, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ऋचाने विशाखा खटल्याचं नाव घेतलं. ते प्रकरण ह्याच राजस्थानातल्या घटनेवरून उभं राहिलं होतं. देशाचा कायदा जिथे गप्प होता तिथे सुप्रीम कोर्टाने स्त्रियांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार वाचला होता आणि त्यावरून कामाच्या जागेचे नियम घालून दिले होते. इथे तर कायदा गप्पसुद्धा नाही, ती म्हणाली, फक्त अमलात येत नाही.

मॅजिस्ट्रेटनी थोडं लिहिलं. मग असा कर्णबधिर दुभाषी आणायचा कुठून, एवढंच विचारलं.

ऋचाने मागच्या बाकाकडे हात केला. सोनम उभी राहिली.

शेजारची, तडजोडीच्या खटल्यांसाठी ठेवलेली छोटी खोली त्यांना मिळाली. ऋचा, एक कॅमेरा, सरकारी वकिलांचा माणूस, प्रभावतीबाई, आणि टेबलाच्या दोन बाजूंना ते दोघं. पहिल्या दिवशी सोनमने चोरीचा विषयच काढला नाही. ती कागदावर चित्रं काढत होती, तो बघत होता. भाकरी, उंट, आगगाडी, पोलीस. पोलिसाचं चित्र त्याने उलटं करून ठेवलं. आगगाडीपाशी तो थांबला. बोट जिभेला लावून तोंड वाकडं केलं, हातांनी जमिनीवर ढीग रचले, लांबवर पांढरं पांढरं असं काही दाखवलं.

मीठ, सोनमने आईला सांगितलं. हा मिठागराजवळचा आहे.

जयपूरजवळ मीठ म्हणजे सांभर सरोवर. बाकीचं काम जनार्दनरावांनी केलं. फुलेऱ्याच्या स्टेशनावरच्या जुन्या सहकाऱ्याला त्यांनी फोन लावला, त्याने गाडीने ये-जा करणाऱ्या मिठागरातल्या मजुरांत विचारलं, आणि एका गावातून भाऊच हजर झाला. त्याचा बहिरा भाऊ कामाला म्हणून एका ठेकेदाराबरोबर शहरात गेला होता, आणि पुढे ठेकेदाराचाच पत्ता लागेना. नाव हरफूल. कोर्टाच्या आवारात भावाने त्याला पाहिलं तेव्हा आधी एक चापट मारली, मग मिठी मारली. भाऊ जामीन राहिला आणि हरफूल तुरुंगातून बाहेर आला.

भावाकडून सोनमला घरातल्या खुणाही कळल्या. तरी काम सोपं नव्हतं. कित्येकदा तिलाही लागत नसे. तेव्हा ती आईकडे वळून, मला कळलं नाही, असंच स्पष्ट सांगे आणि आईला ते तसंच बोलून दाखवावं लागे. आजवर प्रभावतीबाई 'सोनम म्हणते की' अशी सुरुवात करायच्या. ऋचाने सांगितलं की दुभाष्याने तसं म्हणायचं नसतं. ज्याचं बोलणं त्याचं 'मी'. हे त्यांना फार जड गेलं. मुलीच्या हातांकडे बघत, तिचं संपेपर्यंत थांबून, आपल्याकडची भर न घालता बोलायचं. दोनदा त्यांनी सवयीने भर घातली, आणि दोन्ही वेळा सोनमने टेबलावर टकटक करून त्यांना थांबवलं.

तारेचा विषय निघाला तो तिसऱ्या बैठकीला. सोनमने तारेचं एक बंडल मागवून टेबलावर ठेवलं होतं. हरफूलने पुन्हा तेच केलं, जे ठाण्यात केलं होतं. कमरेशी खुळखुळणारी मूठ, खांदा, स्टीअरिंग. सोनमने वर्कशॉपमधल्या माणसांचे फोटो पुढे मांडले. मालकाच्या फोटोवर त्याने बोटातली अंगठी दाखवली. सुपरवायझरच्या फोटोवर कमरेशी मूठ नेली. तो कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावत असे. स्टीअरिंग म्हणजे माल नेणारा टेम्पो.

सोनमने तेच पाच तऱ्हांनी विचारलं. उलटं करून विचारलं. मग तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, तू टेम्पो खांद्यावर उचललास का?

हरफूल तिच्याकडे बघत राहिला आणि मग मोठ्याने हसला. सरकारी वकिलांचा माणूसही हसला. हो-नाहीच्या प्रश्नाला हरफूलने मान हलवली नाही असं पकडल्यापासून पहिल्यांदाच झालं होतं.

"मी तार उचलली," प्रभावतीबाई सोनमचे हात बघत बोलत होत्या, कॅमेरा चालू होता. "किल्ल्यांवाल्याने सांगितलं म्हणून उचलली. टेम्पोत टाकली. तो सांगतो ते मी नेहमीच उचलतो."

मग सोनमने त्याला दोन वाटा समजावल्या. त्यात अख्खी एक बैठक गेली. हो म्हटलंस तर लवकर संपेल. नाही म्हटलंस तर कोर्टात यावं लागेल, पुन्हा पुन्हा, उन्हाळाभर. हरफूलने भावाकडे पाहिलं. भावाने मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. मग हरफूलने टेबलावरचं बंडल उचलून शर्टाखाली लपवलं, दोन्हीकडे चोरटी नजर टाकली, बंडल काढून परत ठेवलं आणि तळहाताने ते सगळं हवेतून पुसून टाकलं. शेवटी छातीवर हात ठेवला.

हे कुणाला बोलून दाखवायची गरज नव्हती, पण नियम होता म्हणून प्रभावतीबाई बोलल्या.

"मी चोर नाही."

खटला उन्हाळ्यानंतरही काही महिने चालला. भंगारवाल्याने उलटतपासणीत मान्य केलं की माल हमालाने उतरवला, पण बोलणी सुपरवायझरने केली होती. हरफूल निर्दोष सुटला. सुपरवायझरवर वेगळा गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर आहे आणि ते प्रकरण अजून लांबलंय. निकालात मॅजिस्ट्रेटनी त्या कराराचा उल्लेख केला आणि अशा आरोपीला कर्णबधिर दुभाषी देणं ही मेहरबानी नसून कोर्टाची जबाबदारी आहे, असं लिहिलं. ऋचाला त्याने समाधान नव्हतं. खालच्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या कुणावर बंधनकारक नसतो, म्हणून तिने सगळ्या जिल्ह्यांसाठी दुभाष्यांची व्यवस्था मागणारी याचिका हायकोर्टात टाकली. ती पडून आहे. हरफूल भावाबरोबर मिठागरात कामाला लागला. पैसे कमी, पण तिथे त्याच्याशी बोलणारी माणसं आहेत, असं भावाने फोनवर सांगितलं.

हिवाळ्यात दौशाच्या कोर्टातून सोनमला बोलावणं आलं. एका बहिऱ्या बाईची तक्रार नोंदवायची होती. प्रभावतीबाई डबा भरून, शाल घेऊन तयार झाल्या, तेव्हा सोनमने सांगितलं की ह्या वेळी तिच्याबरोबर मयूरी नावाची दुभाषी येणार आहे. दिल्लीला शिकून आलेली, परीक्षा पास झालेली. प्रभावतीबाईंनी शाल परत घडी करून ठेवली.

"राग आला?" सोनमने विचारलं.

प्रभावतीबाई नुसती मान हलवणार होत्या, पण त्यांनी ती थांबवली. "थोडा आला," त्यांनी हातांनी सांगितलं आणि डबा तिच्या पिशवीत ठेवला.

त्या महिन्यात गोपालपुऱ्याला, कोचिंग क्लासांच्या गर्दीत, दुभाष्यांचा एक वर्ग सुरू झाला. शिकवणारे निलय सर स्वतः कर्णबधिर होते. प्रभावतीबाईंनी नाव घातलं. इतक्या वर्षांची सवय आहे म्हणून आपल्याला वरच्या वर्गात बसवतील, असं त्यांना वाटलं होतं. सरांनी त्यांना समोर उभं करून काही प्रश्न विचारले, थोडा वेळ त्यांच्या हातांकडे बघितलं आणि पहिल्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर, कॉलेजच्या मुलींमध्ये बसायला सांगितलं. त्या तिथे जाऊन बसल्या.